बिबट्याला पकडून लांब सोडलं तर प्रश्न सुटतो का? ऊसपट्ट्यातल्या एका शेतकऱ्याला सविस्तर उत्तर

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. संगमनेर तालुक्यात तुमची वस्ती उसाला लागून आहे, बिबट्याची मादी पिल्लांसकट बांधावर दोनदा दिसली, शेजाऱ्याचं कुत्रं गेलं, घरात दोन लहान लेकरं आहेत, आणि वनखात्याचा गार्ड येऊन बघून गेला पण पिंजरा लावत नाही म्हणतो. तुमचं म्हणणं असं की पिंजरा लावा, तिला धरा आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडा, एवढं साधं काम का करत नाहीत.

मी वन्यप्राण्यांचा डॉक्टर आहे. जुन्नर, अकोले, संगमनेर या पट्ट्यात बिबट्यांच्या रेस्क्यूवर बरीच वर्षं काम केलंय, विहिरीतून काढलेत, पिंजऱ्यातले तपासलेत, आणि ज्या घरातलं लेकरू गेलंय त्या घरात जाऊन खाली मान घालून बसलोही आहे. त्यामुळे "घाबरू नका" असं मी तुम्हाला सांगणार नाही. घरात लहान मुलं असताना भीती वाटणं बरोबरच आहे. पण तुम्ही जो उपाय मागताय तो या भागात करून बघितलेला आहे, मोठ्या प्रमाणावर, आणि त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत असायला पाहिजे, म्हणून जरा लांबण लावतो.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत, नेमकं हेच केलं गेलं. बिबट्या दिसला की पिंजरा, पकडला की गाडीत घालून लांबच्या जंगलात. २९ बिबटे असे हलवले, सरासरी ४० किलोमीटर लांब. त्याआधीची आठ-नऊ वर्षं बघितली तर तिथे बिबट्याचे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होत होते. हे धरायचं-सोडायचं सुरू झाल्यावर ते वर्षाला सतराच्या घरात गेले, आणि हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाणही दुप्पट झालं, १८ टक्क्यांवरून ३६ टक्के. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा हिशोब मांडून २०११ साली प्रसिद्ध केला. त्याच सुमाराला मुंबईत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आजूबाजूला, २००२ ते २००४ मध्ये हल्ल्यांचा कहर झाला होता आणि तिथेही बाहेरून धरलेले बिबटे उद्यानात आणून सोडत होते. पुढे २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात म्हणूनच लिहिलंय की नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नका आणि लांब नेऊन सोडू नका. गार्ड तुम्हाला नाही म्हणतो ते या अनुभवावरून आणि कायद्यामुळे. बिबट्या १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहे, त्याला पकडायची परवानगी गार्ड काय आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारीसुद्धा स्वतःच्या मनाने देऊ शकत नाही, ती मुख्य वन्यजीव रक्षकाकडून येते, आणि तो प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झालाय असं लेखी कारण द्यावं लागतं.

आता लांब नेऊन सोडल्यावर हल्ले वाढतात असं का होतं? लोकांना वाटतं जंगलातला प्राणी जंगलात सोडला म्हणजे झालं, तो तिथे राहील. पण तुमच्या उसातली मादी जंगलातून आलेलीच नाही हो. ती उसात जन्मली, तिची आई बहुतेक उसातच जन्मली. जुन्नर-आंबेगाव हा पट्टा आधी बाजरीचा, कोरडवाहू. कुकडीची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, कालवे फिरले आणि ऊस आला. तुमच्याकडे प्रवरेच्या पाण्यावर तो त्याच्याही आधीपासून आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा, एक तुटला तर शेजारचा उभाच असतो, आत गारवा, पाटाचं पाणी, आणि कापणीपर्यंत माणूस सहसा खोलवर जात नाही. बिबट्याला लपायला आणि पिल्लं घालायला याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे. आणि खायला वस्त्यांवरची कुत्री, मांजरं, डुकरं, कोंबड्या, अधूनमधून शेरडं. तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने जवळजवळ ४० टक्के कुत्री निघाली, शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनसुद्धा ११ टक्केच. म्हणजे बिबट्याला आपल्या वस्तीकडे ओढून आणतं ते मुख्यतः मोकाट कुत्रं, आणि ते कुत्रं जगतं आपल्या उकिरड्यावर आणि पोल्ट्रीवाले ओढ्यात टाकतात त्या मेलेल्या कोंबड्यांवर.

त्याच अकोल्यात कॅमेरे लावून मोजलं तर १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे मिळाले, आणि जवळपास तेवढेच तरस. राखीव जंगल नाही काही नाही, चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात तिथे. आणि माणसांवरचे हल्ले त्या काळात तिथे क्वचितच झाले. म्हणजे बिबटे भरपूर आणि हल्ले कमी, असं होऊ शकतं. हे मी बिबट्याचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. सगळे म्हणतात बिबटे वाढले म्हणून हल्ले वाढले, पण नुसत्या संख्येवर ते ठरत नाही, कुठला बिबट्या, कुठे, कुठल्या वेळी, आणि माणूस तिथे काय करत होता यावर बरंच ठरतं.

पकडून हलवल्यावर प्राण्याचं काय होतं ते आम्ही टेबलावर बघितलंय. पिंजऱ्यात तो रात्रभर धडका मारतो, गज चावतो, सुळे तुटतात, तोंड फुटतं, नखं उखडतात. बाहेर शे-दोनशे लोक मोबाईल घेऊन उभे, आरडाओरडा, काठ्या घुसवणं. मग गाडीतून प्रवास आणि अनोळखी रानात उतरवला. तिथे आधीच दुसरा बिबट्या असतो, तो याला राहू देत नाही. याला पाणी कुठे माहीत नाही, लपायची जागा माहीत नाही, माणसं कुठल्या वाटेने कधी जातात ते माहीत नाही, आणि सुळा तुटला असेल तर शिकारही नीट होत नाही. मग तो चालायला लागतो, बहुतेक वेळा घराच्या दिशेने, आणि वाटेत जी गावं लागतात तिथल्या लोकांना बिबट्याची सवय नसते. तुमचा त्रास उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी लेकरांच्या दारात ठेवल्यासारखं होतं हे.

चालतात म्हणजे किती, तर २००९ सालचं उदाहरण सांगतो. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत एक वयस्कर नर पडला होता, स्वभावाने शांत म्हणून त्याचं नाव आजोबा पडलं. त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर, म्हणजे तो कुठे जातो ते कळवणारा पट्टा लावून माळशेज घाटात सोडला. साधारण महिन्याभरात गडी सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोचला, कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडून, हायवे ओलांडून, वसईची खाडी पोहून. एवढ्या वाटेत एकाही माणसाला त्याने बोट लावलं नाही. २०११च्या शेवटी मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीखाली मेला. अकोल्यातल्या कॉलर लावलेल्या बिबट्यांनी पण हेच दाखवलं की दिवसा ते उसात नाहीतर टेकडीवर पडून राहतात आणि रात्री माणसं झोपल्यावर घरांच्या अगदी जवळून, वीस-पंचवीस मीटरवरूनसुद्धा, फिरतात. तुमच्या अंगणातून ती मादी तुम्हाला दिसायच्या आधी कितीतरी वेळा गेलेली असणार. तिला तुमचं वेळापत्रक पाठ आहे, कुठल्या घरात किती वाजता दिवा जातो, कुठलं कुत्रं बांधलेलं आणि कुठलं मोकळं.

म्हणून तुमच्या मादीबद्दल माझं मत असं, की ती जोपर्यंत माणसाला बघून बाजूला होतीये तोपर्यंत तिला राहू द्या. तुम्हीच लिहिलंय की दोन्ही वेळा ती गाडीचा उजेड पडल्यावर पिल्लांना घेऊन उसात गेली. हे चांगलं लक्षण आहे. तिला धरलं तर पिल्लं मागे राहतील, शिकार नीट न शिकलेली. बिबट्याची पिल्लं आईबरोबर वर्ष-दीड वर्ष तरी असतात. अर्धवट वयाची, भुकेली, बिनआईची पिल्लं वस्तीजवळ असणं हे सगळ्यात वाईट. आणि तिची जागा रिकामी झाली की महिना-दोन महिन्यांत दुसरा कुणीतरी येतोच, ऊस आणि कुत्री आहेत तशीच आहेत ना. तो नवीन कसा असेल, कुणी सांगावं. ही निदान माहितीतली आहे.

आता दुसरी बाजू पण तेवढ्याच स्पष्टपणे सांगतो, नाहीतर वाटेल हा माणूस प्राण्यांचाच वकील आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, दोन लेकरं आणि एक म्हातारी आजी. लोक रस्त्यावर उतरले, वनखात्याची गाडी पेटवली, शेवटी एक बिबट्या गोळी घालून मारला. बायका शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून जायला लागल्या. त्या लोकांना "सहजीवन शिका" असं शहरात बसून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. माणसाला भक्ष्य म्हणून धरायला लागलेला बिबट्या काढलाच पाहिजे, लवकरात लवकर, पिंजऱ्याने झालं तर पिंजऱ्याने नाहीतर गोळीने, आणि असा प्राणी परत कुठेही सोडायचा नाही. फक्त तो तोच आहे का हे बघायला पाहिजे, कारण हल्ला झाल्यावर दहा पिंजरे लावले तर शेळीच्या वासाला जो पहिला येईल तो अडकतो, गुन्हेगारच अडकेल असं नाही. लोकांचा संताप शांत होतो, खरा प्राणी बाहेरच असतो, लोक निर्धास्त होतात, आणि आठवड्यात पुढचा हल्ला. म्हणून ठसे, कॅमेरा ट्रॅप, जखमेवरच्या लाळेचे नमुने हे सगळं लागतं. हल्ला झाल्यावर ती जागा तुडवू नका असं आम्ही ओरडून सांगतो ते त्यासाठी.

आणि प्रत्येक हल्ला म्हणजे नरभक्षक असंही नाही. ऊस तोडताना अंगावर आला, विहिरीतून काढताना जमावावर उडी मारली, दिवसाढवळ्या गावात अडकला आणि लोकांनी चारी बाजूंनी घेरला, यात तो पळायला बघत असतो आणि वाटेत माणूस येतो. यातल्या बऱ्याच जखमा बघ्यांच्या गर्दीमुळे होतात. गावात बिबट्या शिरला असं कळलं की लेकरांना घरात घ्या, दार लावा, त्याला जायची वाट मोकळी ठेवा, अंधार पडला की तो आपसूक निघून जातो. हे ऐकायला इतकं सोपं आहे आणि करून घ्यायला इतकं अवघड, कारण व्हिडिओ काढायचा असतो सगळ्यांना.

आता तुमच्या घरापुरतं बोलू, तुम्हाला खरं ते पाहिजे आहे.

लेकरं. या भागातले जे हल्ले मी बघितले त्यात लहान मुलं जास्त, आणि वेळ दिवस मावळल्यापासून लोक झोपेपर्यंतची. अंगणात खेळताना, घरामागे लघवीला बसलेलं असताना, आईच्या मागे मागे गोठ्यात जाताना. बिबट्या भक्ष्य ओळखतो ते बरंचसं उंचीवरून, उभा मोठा माणूस त्याला भक्ष्य वाटत नाही, पण बसलेला, वाकलेला, ओणवा माणूस आणि लहान मूल हे त्याला शेळी-कुत्र्याच्या मापाचं दिसतं. म्हणून दिवस मावळला की लेकरू एकटं बाहेर नाही, हा नियम घरात असा लावा की पाहुणे आले तरी मोडायचा नाही. संडास घराला लागून आणि त्याच्या वाटेवर बल्ब. बाहेर ओट्यावर झोपणं बंद, उन्हाळ्यात लाइट गेली तरी बंद. खुरपायला, गवत कापायला बाया बसतात तेव्हा सगळ्या एका बाजूला तोंड करून बसतात, तसं न करता एक-दोघींनी उलट्या बाजूला तोंड करावं आणि एकीने अधूनमधून उभं राहून बघावं. गप्पा मोठ्याने माराव्यात, मोबाईलवर गाणी लावावीत. आवाज करत जाणाऱ्या माणसाच्या वाटेतून तो आधीच सरकतो, अचानक समोरासमोर येणं हेच टाळायचंय.

घराभोवती पंधरा-वीस फूट ऊस नको. मला माहितीये दोन सऱ्या सोडायच्या म्हणजे पैसे सोडायचे, पण भिंतीला चिकटून ऊस असेल तर बाकीचं सगळं वाया आहे. त्या पट्ट्यात भुईमूग, मेथी, कांदा, काहीही बुटकं घ्या. पाचटाचा ढीग दारात लावू नका.

कुत्रं. रात्री बाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आमंत्रण, आणि त्या बिचाऱ्याला पळताही येत नाही. एकतर रात्री घरात किंवा गोठ्यात घ्या, नाहीतर ठेवू नका. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो उगाच नाही. मोकाट कुत्र्यांचं एकट्याने काही होणार नाही, ते ग्रामपंचायतीचं काम आहे, निर्बीजीकरण आणि कचरा दोन्ही. तुमच्या गावात कुणी पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकत असेल तर आधी त्याच्या दारात जा, खड्डा घेऊन चुना टाकून पुरायला लावा. हे एक केलं तरी फरक दिसतो, मी दिसलेला बघितलाय.

गोठा. शेळ्या, कालवडी रात्री बंदिस्त, चारी बाजूंनी जाळी आणि वरूनही जाळी किंवा पत्रा. वर उघडं ठेवलं तर उपयोग शून्य, सहा-सात फुटाची भिंत तो सहज चढतो. आणि आत शिरलेला बिबट्या घाबरून गोठ्यातली सगळीच शेरडं मारतो, एकाच्या जागी आठ जातात, त्यामुळे अर्धवट गोठा हा उघड्यापेक्षा वाईट. जाळीसाठी वनखात्याची, पंचायत समितीची मदत त्या-त्या वेळी सुरू असते, आरएफओ ऑफिसात जाऊन विचारा, गावाने एकत्र अर्ज दिला तर लवकर हलतं.

रात्रीचं पाणी भरणं. माझ्या मते या सगळ्या प्रश्नातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. शेतीची थ्री फेज लाइट रात्री दहानंतर येणार, मग माणूस एकटा बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जाणार, खाली वाकून सरी फोडणार, बिबट्याची आणि माणसाची वेळ नेमकी एक करून ठेवलीये आपण. लोक पिंजऱ्यासाठी रास्ता रोको करतात, तेवढ्याच जोराने दिवसा लाइट मागा. सौर कृषी वाहिनीच्या योजना त्यासाठीच आहेत, तुमचा फीडर त्यात आहे का, कधी येणार, हे ग्रामसभेच्या ठरावाने लेखी विचारा. एक पिंजरा एक बिबट्या नेतो, दिवसाची लाइट आली तर शेकडो माणसं रात्री उसात जायची थांबतात. तोपर्यंत जायलाच लागलं तर दोघं जा, मोठी बॅटरी, काठी, बोलत-खाकरत.

समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, दगड उचलायलासुद्धा वाकायचं नाही. लेकरू बरोबर असेल तर उचलून खांद्यावर, हात वर करा, मोठ्याने ओरडा आणि त्याच्याकडे बघत बघत हळूहळू मागे सरका. पिल्लं दिसली तर आई जवळपासच आहे असं धरून चाला.

तुमचा ऊस तोडीला कधी आहे हे तुम्ही लिहिलं नाही, पण मादीला पिल्लं आहेत म्हटल्यावर हे महत्त्वाचं. ऊसतोड मजुरांची टोळी यायच्या आधी गार्डला तारीख कळवा. टोळीच्या मुकादमाला सांगा, लपवू नका, लोक तोड लांबेल म्हणून लपवतात आणि धोका त्या बिचाऱ्या कोयत्यावाल्यांना. फड एका बाजूने तोडत न्यावा, चारी बाजूंनी घेरत मधे ऊस शिल्लक ठेवला तर आतल्या प्राण्याला जायला वाट उरत नाही. टोळीची लेकरं बांधावर झोळीत ठेवलेली असतात, तिथे एक मोठं माणूस बसलंच पाहिजे. आणि त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उसाला चिकटून नकोत, उजेड पाहिजे, हे मजूर आपल्या गावचे नाहीत म्हणून त्यांच्या लेकरांची काळजी कुणी घेत नाही, ती तुम्ही घ्या.

तोडताना पिल्लं सापडली तर हात लावू नका, घरी नेऊ नका, दूध पाजू नका, फोटोसाठी मांडीवर तर अजिबात नको. तेवढ्या भागातली तोड थांबवा आणि खात्याला फोन करा. पिल्लं तपासून त्याच जागी संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवतात, लांब कॅमेरा लावून माणसं बाजूला होतात, आणि आई येऊन एकेक करून तोंडात धरून घेऊन जाते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राच्या डॉक्टरांनी आणि वनखात्याने अशी पुष्कळ पिल्लं आईला परत दिली आहेत. आणि हे आईच्या मायेसाठी करतात असं कुणाला वाटत असेल तर तेवढंच नाही, पिल्लं गेलेली मादी दोन-तीन रात्री त्या भागात सैरभैर फिरते, वस्तीला धोका वाढतो. पिल्लं मिळाली की ती स्वतःच त्यांना हलवून दुसरीकडे जाते. म्हणजे तुम्हाला पाहिजे तेच होतं, पिंजरा न लावता.

नसबंदीबद्दल पण तुम्ही विचारलंय. जुन्नर भागात मोजक्या माद्यांवर तसा प्रयोग करायची परवानगी केंद्राने दिल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालंय. प्रयोग म्हणून करून बघायला हरकत नाही, पण आज जे बिबटे आहेत ते नसबंदीने कुठे जात नाहीत, आणि उसात मोकळ्या फिरणाऱ्या माद्या शोधून धरून ऑपरेशन करणं हे कुत्र्यांइतकं सोपं नाही. तुमच्या लेकरांच्या या वर्षीच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध नाही. पकडून कायमचं ठेवण्याचंही तसंच, निवारा केंद्रात जागा मोजकी, एकदा आत गेलेला प्राणी दहा-पंधरा वर्षं सांभाळायचा असतो.

अकोल्याच्या पश्चिमेला, डोंगरात, महादेव कोळी लोक अजून वाघबारस करतात, दिवाळीच्या तोंडावर, आपल्याकडे वसुबारस असते त्याच दिवशी. वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघ, वर चंद्र-सूर्य. तिथली म्हातारी माणसं सांगतात की त्याच्या वाटेवर रात्री जायचं नाही, गुरं दिवस बुडायच्या आत आणायची, शेरडू नेलं तर त्याचा वाटा समजायचं. शेवटचं मी तुम्हाला सांगणार नाही, शेळी गेली तर भरपाई हक्काने घ्या. पण पहिल्या दोन गोष्टी आम्ही आज कॅमेरे आणि कॉलर लावून तेच सांगतोय. ऊसपट्ट्यातली आपली वस्ती तशी नवीन, बिबट्याबरोबर राहायच्या सवयी आपल्या घरात आजी-आजोबांकडून आल्या नाहीत, त्या आता आपल्यालाच लावून घ्यायच्या आहेत, आणि तुमची पोरं त्या तुमच्याकडून शिकतील.

भरपाईचं सांगतो. जनावर मारलं तर ते हलवू नका, पुरू नका, जागेवर ठेवून लगेच कळवा, ४८ तासांच्या पुढे जाऊ देऊ नका, पंचनामा झाल्यावरच उचला. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. माणूस जखमी झाला तर जखम साबणाच्या पाण्याने भरपूर धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा, रेबीजची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, बिल आणि कागद जपून ठेवा, उपचाराचा खर्च मागता येतो. मृत्यू झाला तर राज्य सरकारची मदत आता २५ लाख आहे. पैशाने माणूस येत नाही, पण त्या घराला ते पैसे वेळेवर मिळावेत म्हणून गावाने पाठपुरावा करायला पाहिजे, दुःखात असलेल्या माणसाला ऑफिसात खेटे घालायला लावू नका.

पिंजऱ्याची मागणी कधी करायची तेही लिहून ठेवतो. तुमची ती मादी माणसाला बघून हलेनाशी झाली, उजेड-आवाजाला दाद देईना, दिवसा वस्तीत वारंवार यायला लागली, माणसाच्या मागे मागे यायला लागली, किंवा कुणावर झेपावली, तर त्याच दिवशी अर्ज द्या, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, आणि माझं हे उत्तर दाखवून "तो डॉक्टर तर राहू द्या म्हणाला होता" असं कुणी म्हणालं तर सांगा की त्यानेच ही यादी दिलीये. तोपर्यंत प्रत्येक वेळी दिसल्याची नोंद वहीत करा, तारीख, वेळ, जागा, एकटी का पिल्लांसकट, काय करत होती. या वहीचा वनखात्याला खरंच उपयोग होतो, कारण "रोज दिसतो" असं सगळेच सांगतात.

आणि बांधावर ठसा दिसला तर त्याच्याशेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवून वरून सरळ फोटो काढा. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, ठसा गोलसर, सात-आठ सेंटीमीटरचा, तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे. नखं उमटलेली असतील तर ते कुत्रं किंवा तरस, आणि तुमच्या भागात तरस भरपूर आहेत, त्यांचा माणसाला त्रास नसतो. फोटो गार्डला व्हॉट्सअ‍ॅप करा, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६, गावाचं नाव, गट नंबर आणि जवळची खूण नीट सांगा म्हणजे टीम शोधत बसत नाही.